सासूबाई होण्याची तालीम

२ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज जेवताना जाहीर केलं की यंदा पेरणीच्या आधी त्या घरी जाणार. आमच्याकडे म्हातारं माणूस मरत नाही, घरी जातं. अंगणात सगळे बसलेले, पण कोणाचा हात थांबला नाही. फक्त माझे थोरले दीर लारबा म्हणाले, "आई, एवढी घाई कसली?"

"घाई नाही, सोय बघतेय. एकदा पाऊस लागला की सगळे शेतात. मग माझ्या मयताला कोण येणार, बेडूक?"

मुलं खो खो हसली. सासूबाईंनी घसा खाकरला, काठी उचलली आणि सरळ माझ्यावर रोखली. "आणि मला ही करेल. बरं, मग?"

हे 'बरं, मग?' त्या कशाच्याही शेवटी लावतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. आणि कोणीही समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न, 'जेवलास का?'

'मला करेल' म्हणजे काय, ते इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हातारं माणूस गेलं की घरातली एक सून त्याचे कपडे घालते आणि दिवसभर तेच माणूस होऊन राहते. तसंच चालते, तसंच खेकसते. मुलगे तिला आई म्हणतात, नाहीतर बाबा म्हणतात, आणि ती त्यांना 'बाळांनो' म्हणते. तिचं जमलं तर गेलेलं माणूस हसत निघतं. नाही जमलं तर गाव वर्षानुवर्षं बोलत राहतं. आमचे सासरे गेले तेव्हा माझी थोरली जाऊ राकिएता सासरे झाली होती. तिने त्यांची शिंक अशी काही काढली की त्यांचा बैल दावं तोडून धावत आला, असं अजून सांगतात.

आणि माझं काय? मी पेलाजी, राजधानी वागाडुगूची, शहरातली. शाळेत पोरांसमोर पाढे म्हणते तेवढंच. गाणं म्हणायची वेळ आली की पोरांनाच म्हणायला लावते. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासूबाईंनी माझ्याकडे पिण्याच्या पाण्याशिवाय कधी काही मागितलं नाही. नाही कसं म्हणायचं?

नवऱ्याला, सिब्रीला विचारलं, "मीच का?" तो म्हणाला, "आईला विचार." मग कांद्याच्या वाफ्याला पाणी द्यायला निघून गेला. त्याला अवघड प्रश्न पडला की कांदे तहानलेले असतात.

५ फेब्रुवारी

राकिएता तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. बरोबरच आहे तिचं. ती अख्खं गाव करून दाखवते. सरपंच, पाद्री, बाजारातली सुंबाला मसाला विकणारी, कोणीही. शेवटी आज तिनेच सासूबाईंना गाठलं. मी शेंगा फोडत होते, कान तिकडेच.

"आई, माझ्यात काय कमी आहे?"

"काही कमी नाही, तेच तर. तू मला केलंस तर लोक राकिएताला बघायला येतील. माझ्या मयताला मला कोणी बघायचं की नाही?"

"आणि पेलाजीला बघायला कोण येणार आहे?"

"तिला कोणी बघत नाही. म्हणजे मीच दिसेन."

राकिएता इतकी हसली की तिचा राग तिथेच गळाला. जाता जाता मला म्हणाली, "शिकवीन तुला, मास्तरीणबाई. फुकट." मी शेंगा फोडत राहिले. मी हसावं की रडावं ते कळेना. कोणी बघत नाही म्हणून निवडलं मला!

९ फेब्रुवारी

पहिला धडा. चालणं.

सासूबाई नेऱ्याच्या झाडाखाली चटईवर बसल्या, नाकात तपकीर भरली आणि मला अंगणात फेऱ्या घालायला लावल्या.

"थांब. तू पायांनी चालतेस."

"मग कशाने चालायचं, आई?"

"मी कमरेने चालते. पाय मागून येतात."

"आणि काठी?"

"काठी टेकायला नसते गं. काठी दाखवायला असते. टेकलीस तर लोक म्हणतील, म्हातारी थकली होती."

राकिएता कडेला उभी राहून ताल धरत होती. मी पुन्हा चालले. कोंबड्या पळाल्या. सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्या पळाल्या म्हणजे तू अजून पेलाजीच आहेस. मला बघून कोंबड्या जवळ येतात."

ते खरं आहे. त्यांना प्रत्येक कोंबडीचं नाव ठाऊक आहे, आणि नावं सगळी गावातल्या बायकांची आहेत. हे त्या बायकांना माहीत नाही.

१५ फेब्रुवारी

आज साघबो, आमची रोजची घट्ट लापशी, पुन्हा तळाला लागलं. बाजरीचं पीठ रटरटतं, मी दुसऱ्या चुलीवर भेंडीचं कालवण बघायला वळते, आणि तेवढ्यात तळ धरतो. हे दर वेळी होतं. राकिएताचं कधी लागत नाही. तिचं साघबो पोरं हाताने ओढून घेतात. माझं भांडं आलं की सासूबाई काठीने ते स्वतःकडे ओढतात आणि म्हणतात, "हे इकडे. पोरांना नको, पोट बिघडेल." मग ती करपलेली खरवडसुद्धा चमच्याने खरवडून खातात आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "अन्न टाकायचं नसतं, म्हणून खातेय हं!"

लग्न झाल्यापासून हेच चाललंय. सगळ्यांसमोर रोज तोच अपमान. मी पदराआड तोंड लपवते.

शाळेत आज काहीतरी विचित्र झालं. तिसरीतला हामिदू वर्गात डुलक्या घेत होता. मी घसा खाकरला आणि विचारलं, "जेवलास का? बरं, मग?" सगळा वर्ग हसत सुटला. मला कारण कळलं नाही. पोरांना काय, निमित्त पुरतं.

२० फेब्रुवारी

आज राकिएताने मला खऱ्या परीक्षेची आठवण करून दिली. मयताच्या दिवशी लोक येतात आणि सासू झालेल्या सुनेला प्रश्न विचारतात. कोणती शेळी कोणाची? जमीन कशी वाटायची? आणि हमखास एक प्रश्न येतो: तुझ्या सुना कशा होत्या? मग सून सासूच्या तोंडाने बोलते, आणि जे बोलते ते गाव सासूचंच बोलणं मानतं.

 बाकी सगळं पाठ करता येईल. चाल, काठी, तपकीर. पण माझ्याबद्दल मी त्यांच्या तोंडून काय सांगू? त्यांनी कधी काही सांगितलंच नाही.

संध्याकाळी धीर केला. "आई, समजा लोकांनी विचारलं, तुमची धाकटी सून कशी होती? तर मी काय म्हणू?"

त्यांनी तपकिरीच्या डबीत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ते मी शिकवणार नाही."

"पण मग मला कसं कळणार?"

"तू मास्तरीण आहेस ना? पोरांना परीक्षेत उत्तरं सांगतेस का?"

"आई, मला भीती वाटते."

"भीती मला वाटायला हवी. माझं मयत आहे. जा, भांडं बघ, वास येतोय."

वास येतच होता.

आता मला ह्या एकाच गोष्टीची धास्ती आहे. उलटसुलट बोलले तर सासूबाईंचं नाव खराब. गोड बोलले तर लोक म्हणतील, बघा, स्वतःचंच कौतुक करून घेतलं. आणि गप्प बसले तर त्यांचं काहीतरी अर्धवट राहील.

२७ फेब्रुवारी

आज तोए आला. हा म्हातारा बाजारात सायकली दुरुस्त करतो. तो सामो जमातीचा, आम्ही मोसी, त्यामुळे जन्माचं थट्टेचं नातं. त्याने आम्हाला काहीही बोलावं, आम्ही त्याला काहीही बोलावं, रागावायचा हक्क कोणालाच नाही.

"काय गं म्हातारे, अजून इथेच? मी ऐकलं जाणार होतीस म्हणून. नवा अंगरखा शिवायला टाकला मी."

"आला का कुत्र्याची मुंडी खाणारा! पोरांनो, आपला कुत्रा बांधा."

"तुझ्या खड्ड्यात आधी मी उतरणार, कळलं ना? आडवा होईन. म्हणेन, ही जागा सामोंची आहे. मला एक कोंबडा आणि मडकंभर दोलो मिळाल्याशिवाय उठणार नाही."

"कोंबडा? अरे, जिवंतपणी तुला पिसं दिली नाहीत मी."

मग दोघांनी अर्धा तास घासाघीस केली, सासूबाईंच्या मयताला तोएला काय द्यायचं ह्याची. शेवटी अर्धं मडकं ज्वारीची दारू आणि कोंबडीच्या तंगड्या ह्यावर मिटलं. तंगड्या म्हणजे पावलं, असं सासूबाईंनी मागाहून बजावलं. तोएने छाती बडवून घेतली. मी इतकी हसले की दुपारी शाळेत उशिरा पोचले.

वागाडुगूला माझ्या माहेरी ह्या विषयावर आवाज खाली यायचा. इथे तो चढतो. अर्थात म्हाताऱ्यांच्या बाबतीतच. मागच्या वर्षी राकिएताचं तान्हं गेलं तेव्हा ह्याच अंगणात कोणी हूं की चूं केलं नव्हतं, आणि सासूबाई दिवसभर तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या.

८ मार्च

काल जे झालं ते लिहिलंच पाहिजे.

काल रंगीत तालीम होती. सासूबाईंचा निळा कपडा, त्यांचं डोक्याचं फडकं समोर गाठ मारून, त्यांची काठी, त्यांची तपकिरीची डबी. राकिएता म्हणाली, "हुबेहूब!" सासूबाई म्हणाल्या, "अजून नाही. मी कणगीमागे बसते. तिथून मला मी कशी दिसते ते बघते." आणि धान्याच्या कणगीमागे सावलीत जाऊन बसल्या.

मी सुरू केलं. कमरेने चालले. एका कोंबडीला नावाने शिवी घातली. आणि काय सांगू, कोंबड्या पळाल्या नाहीत! एक तर जवळ आली. मला असा काही चेव चढला की मी काठी रोखून राकिएतावर खेकसू लागले. राकिएता सून असल्यासारखी गुडघ्यांवर बसून "हो आई, हो आई" करत होती.

तेवढ्यात काया गावाहून सासूबाईंची धाकटी बहीण पोग्बीमावशी फाटकातून आत आली. न सांगता, बहिणीला भेटायला. तिने पाहिलं: बहिणीच्या कपड्यांत धाकटी सून, समोर गुडघ्यांवर थोरली सून. ह्या देशात ह्याचा एकच अर्थ होतो. मावशीच्या डोक्यावरचं गाठोडं पडलं आणि तिने जो टाहो फोडला तो तळ्यापर्यंत गेला असणार.

 कणगीमागून सासूबाई हाताने खुणावत होत्या, चालू ठेव, चालू ठेव! मी वेड्यासारखं चालू ठेवलं. मावशी माझ्या पायाशी येऊन "ताई, मला न सांगता गेलीस" म्हणून रडायला लागली. मी तिला म्हणाले, "जेवलीस का?" तिचं रडणं दुप्पट झालं. शेजारच्या बायका धावल्या. त्यांनी टाहो पुढे पोचवला. कोणीतरी ढोल काढला. बघता बघता अंगण भरलं. कोणी बाजरी आणली, कोणी कोंबडा, एक जण चक्क शेळी घेऊन आला. लारबा शेतातून अनवाणी धावत आले, त्यांच्या पायाला काटे लागले होते.

आणि मी, देवा, मी नाचत होते. सगळे मला आई म्हणत होते आणि मी कमरेने नाचत होते.

"उजवा! कमरेवर उजवा हात! डावा नव्हे!"

कणगीमागून सासूबाई बाहेर आल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. ढोल थांबला. दोघी आम्ही एकमेकींसमोर, सारखाच हात कमरेवर. मावशी मटकन खाली बसली. एका बाईने धूम ठोकली. तोए मात्र गर्दी फोडून पुढे आला. "हे चालणार नाही! मोसींनी फसवलं! अर्धं मडकं ठरलं होतं, ते आत्ताच्या आत्ता पाहिजे!"

सासूबाईंनी घसा खाकरला. "एवढे लोक आलेत. कोंबडे आलेत. आता परत पाठवायचे? बरं, मग?"

मग काय! संध्याकाळपर्यंत ढोल वाजला. सासूबाई स्वतःच्या मयतात झाडाखाली बसून होत्या आणि एकेक जण येऊन त्यांची स्तुती करत होता. "जोरात बोल," त्या म्हणायच्या, "नंतर मला ऐकू येणार नाही." ज्यांच्या नावाच्या कोंबड्या होत्या त्या बायकांनीसुद्धा स्तुती केली. मी आयुष्यात इतकं हसलेले नाही.

९ मार्च

आज हसू ओसरलं. भूमीच्या पुजाऱ्याने बोलावून घेतलं. जिवंत माणसाला केलं म्हणजे अपशकुन. पांढरी कोंबडी आणि पिठाचं पाणी वाहून तो निवारला. ह्यापुढे तालीम बंद. सासूबाईंनी मान डोलावली. "गरज नाही. तिला येतं आता."

लारबा मात्र आईशी बोलत नाहीत. मला फाटकाशी म्हणाले, "तुम्हाला मजा वाटली. मी मात्र त्या काट्यांतून धावताना तिच्याशी बोलायच्या सगळ्या गोष्टी आठवत होतो." मला फार वाईट वाटलं. ते कधीच जास्त बोलत नाहीत, त्यामुळे जे बोलतात ते लागतं.

२२ मार्च

सासूबाई आता उठत नाहीत. झाडाखालची चटई आत नेली. जेवण दोन बोटं. राकिएताने खपून पातळ कालवण केलं, ते परत आलं. "मास्तरीणबाईचं आणा," म्हणाल्या.

मी आज शाळेतून लवकर आले, भांड्यासमोरून हलले नाही. पहिल्यांदा साघबो जराही लागलं नाही. कुठे काळा ठिपका नाही, मऊ. अभिमानाने घेऊन गेले. त्यांनी एक घास खाल्ला आणि चक्क रागावल्या!

"हे काय केलंस?"

"का आई? चांगलं झालंय ना?"

"झालंय चांगलं. आता हे सगळेच खातील." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

काही केल्या त्यांचं समाधान होत नाही. मी राकिएताला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "उद्या लागू दे." ही काय चेष्टा करायची वेळ आहे?

सिब्रीशी सुद्धा कटकट झाली. मी त्याला एवढंच म्हटलं की चपला दारात काढत जा, काठी नाही माझ्या हातात म्हणून बरं. तो माझ्याकडे बघून हसला, आणि मग एकदम त्याचे डोळे भरून आले. पुरुषांचं काही कळत नाही. मी विचारलं, "जेवलास का?" तर उठून कांद्यांकडे गेला.

३ एप्रिल

काल पहाटे सासूबाई घरी गेल्या. आकाशात एक ढग नव्हता. त्यांनी ठरवलं होतं तसंच.

मी पाणी घेऊन गेले होते. त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "उजवा हात." एवढंच.

आणि मग काय, कोणाचा विश्वासच बसेना! निरोप घेऊन गेलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी हसून बसायला स्टूल दिलं. पोग्बीमावशीने कायाहून उलट निरोप पाठवला, "ताईला सांगा, ह्या वेळी मी फसणार नाही, आणि माझं गाठोडं फाटलं त्याचं काय?" शेवटी तोए सायकलवरून घरोघर गेला. तो थट्टेचा माणूस, त्याला आमच्याकडे रडायची परवानगी नाही. पण त्याने एकही शिवी दिली नाही, आणि तेवढ्यावरून लोकांनी ओळखलं.

आज त्यांना पोचवायचं. मी कपडे घालते आता. फडक्याला अजून तपकिरीचा वास आहे. मला अजूनही ठाऊक नाही, तो प्रश्न आला तर मी काय बोलू.

४ एप्रिल

कालचं लिहिते.

मी अंगणात उतरले तेव्हा पाय थरथरत होते, म्हणून मी पायांनी चाललेच नाही. कमरेने चालले. कोंबड्या जवळ आल्या. कोणीतरी म्हणालं, "आली म्हातारी!" आणि ढोल सुरू झाला.

मग मी आई होते. फाटकाशी गर्दी करणाऱ्यांना काठी दाखवली. सरपंचांना विचारलं, "जेवलास का?" आणि ते चक्क "हो आई" म्हणाले. राकिएता माझ्यामागे तपकीर घेऊन चालत होती, मला हळूच चिमटे काढत होती, हसायला येऊ नये म्हणून की यावं म्हणून, कोण जाणे.

लारबा पुढे आले. सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले. "आई, मी त्या दिवसापासून तुझ्याशी बोललो नाही. तू माझ्यावर रागावून चाललीस का?"

  मग माझ्या घशातून ते खाकरणं आलं, आणि मी काठीने त्यांच्या पायाकडे दाखवलं. "काटे निघाले का सगळे? जेवलास का? बरं, मग?"

लारबा हसायला लागले. तसंच हसत हसत त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी त्यांच्या डोक्यावर थापटत राहिले. माझे थोरले दीर! एरवी मी त्यांच्याकडे मान वर करून बघत नाही.

खड्ड्याशी पोचलो तर आत तोए आडवा. "ही जागा सामोंची!" नवा अंगरखा, सगळा मातीत. मी ओणवी होऊन घासाघीस केली. तो कोंबड्यापासून सुरू झाला, मी पिसांपासून. लोक पोट धरून हसत होते. अर्ध्या मडक्यापाशी आलो आणि तोएचा आवाज बदलला. तो खड्ड्यात पडल्या पडल्या हुंदके देत होता.

"रडतोस काय रे कुत्रेखाऊ," मी वरून ओरडले, "खड्डा ओला होतोय. मला सर्दी होईल!"

हशा असा उसळला की तोएसुद्धा हसत, शेंबूड पुसत वर आला. तंगड्या मागितल्या. मी पावलं दिली.

आणि मग पोग्बीमावशीने तो प्रश्न विचारला. ती समोर येऊन बसली, तिची नजर माझ्यावर, पण ती बघत होती तिच्या ताईकडे. "ताई, सगळ्यांचं सांगितलंस. तुझी ती मास्तरीण कशी होती?"

सगळे पुढे सरकले. सिब्रीपण. इतके दिवस मी ह्याचीच धास्ती घेतली होती. मी डबी उघडली, नाकात तपकीर ओढली. जळजळलं. डोळ्यांतून पाणी आलं. आणि तोंड आपोआप उघडलं.

"ती? तिला काही येत नव्हतं. रोज साघबो लावायची. घरात कोणी तोंडात घालत नव्हतं. म्हणून मी खायचे."

लोक हसले. मागून राकिएताने विचारलं, "रोज खायचीस, आई? आवडायचं का?"

"आवडायला काय ते? जहर होतं नुसतं! पण भांडं भरलेलं राहिलं असतं तर पोरगी हिरमुसली असती. परक्या गावातून आलेली. मग सगळ्यांसमोर सांगायचे, टाकायचं नसतं म्हणून खातेय, म्हणजे दुसरं कोणी हात लावायला नको, आणि तोंड वाकडं करायला नको."

मी थांबले. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःही कधी मनात म्हटलं नव्हतं. ते त्यांच्या आवाजात, माझ्या तोंडातून, मी पहिल्यांदा ऐकत होते, बाकी सगळ्यांबरोबर.

राकिएताने मला मागून धरलं. कानात म्हणाली, "अगं वेडे, हे तुला आज कळलं?"

मी काठी उचलली. टेकली नाही. "बरं, मग?" म्हणाले, आणि ढोलवाल्यांना दाखवली. मग आम्ही नाचलो. उजवा हात कमरेवर.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी कपडे उतरवले आणि पाहुण्यांसाठी चुलीशी बसले. डोळे सुजलेले, राकिएता शेजारी कोणाकोणाची नक्कल करत होती, मी हसत होते, आणि साघबो लागलं. वरचं वाढून दिलं. तळाची खरवड भांड्यात राहिली. भांडं कोणी ओढून घेतलं नाही. तेव्हा मला आठवलं, इतक्या वर्षांत मी माझी खरवड एकदाही चाखलेली नाही.

चमच्याने खरवडून एक घास घेतला. कडूजहर. कोळसा नुसता.

मी तिथेच मांडी घालून बसले आणि सगळी खाल्ली.